कुटुंबासाठी फिरते घर : आधी माप, मग कापड

गिऱ्हाईक दुकानात येऊन कापड मागते तेव्हा आम्ही थान उघडण्याआधी एक सवाल करतो : कोणासाठी आणि कशासाठी? हा सवाल न करता जो थानावर थान उलगडत बसतो, त्याचा वेळही जातो आणि गिऱ्हाईकही जाते. वाहनाच्या खरेदीला हाच नियम लागू आहे. ज्या वाहनाला हल्ली मोटारहोम किंवा कॅरव्हॅन म्हणतात, त्याला तर तो अधिकच लागू आहे.

आपल्या बिरादरीत ज्यांच्या धंद्यात अल्लाहने बरकत दिली आहे, त्यांच्या घरी सध्या हा विषय निघतो आहे. मुले मोबाईलवर फोटो दाखवतात आणि म्हणतात, "अब्बा, असले एक फिरते घर घेऊन टाकू." आमच्या घरीही असेच झाले. आम्ही तिघे भाऊ एकत्र व्यापार करतो, त्यामुळे निर्णयाला वेळ लागला, आणि त्या वेळात बरेच काही शिकायला मिळाले. ते वाचक बंधूंच्या उपयोगी पडावे म्हणून हा लेख.

शब्दापासून सुरुवात करू. कॅरव्हॅन हा शब्द ऐकून विलायती वाटतो, पण तो आपल्या ओळखीचा आहे. फारसीतला 'कारवाँ' युरोपात गेला, तिकडे कॅरव्हॅन झाला, आणि त्याचेच शेपूट तोडून 'व्हॅन' शब्द बनला. कारवाँ म्हणजे व्यापाऱ्यांचा काफिला, आणि जिथे तो उतरे ती कारवाँसराय. तेव्हा व्यापाऱ्याने सफर करताना घर आणि सामान बरोबर नेणे ही काही नवी चाल नाही. नवे आहे ते इंजिन आणि त्याचा खर्च.

गरज कोणाची?

आमच्या घरी मुलांना फिरायची हौस होती. खरी गरज मात्र अम्मींची होती. त्यांचे वय ऐंशीच्या घरात, साखरेचा आजार आणि दोन्ही गुडघे निकामी. आमची लेक हैदराबादला दिली आहे. सोलापूरहून हैदराबाद सुमारे ३०० किलोमीटर. आपल्याला ते काही लांब वाटत नाही, पण ज्या बाईला तासा-दीड तासाने लघवीला जावे लागते आणि खाली बसता येत नाही, तिला ते फार लांब आहे. रस्त्यावरच्या ढाब्यांची स्वच्छतागृहे कशी असतात हे आम्ही सांगायला नको. पायऱ्या, ओली फरशी, दाराला कडी नाही. त्यामुळे अम्मी सफरीच्या दिवशी फजरपासून पाणीच पीत नसत. आम्हा मुलांना ते कधी कळले नाही, आणि त्यांनीही शरमेने कधी सांगितले नाही. एकदा हैदराबादला पोहोचताच त्यांना चक्कर आली आणि दोन दिवस सलाईन लावावे लागले. त्यानंतर त्यांनी जाणेच बंद केले. नातीला मूल झाले तेव्हाही म्हणाल्या, "मैं यहींच से दुआ कर लेती, तुम लोगां जाओ."

म्हणून आम्ही म्हणतो की घरातल्या सर्वांत अशक्त माणसाकडे पाहून वाहन निवडावे. तरुण मुले वरच्या बर्थवर झोपतील, नाहीतर बसून रात्र काढतील. म्हाताऱ्या माणसाचे तसे नाही.

जाती किती?

अमेरिकेत मोटारहोमचे ए, बी आणि सी असे तीन वर्ग मानतात. आपल्याकडची वाहनेही साधारण याच तीन साच्यांत बसतात.

'ए' वर्ग म्हणजे बस किंवा ट्रकच्या चासीवर पहिल्यापासून बांधलेले घर. तोंड बसप्रमाणे सपाट, आत उभे राहण्यास भरपूर जागा, स्वयंपाकघर, न्हाणी, पलंग, सर्व काही. किंमत, डिझेलचा खर्च आणि उभे करण्याची जागा, तिन्ही बाबतींत हे सर्वांत महाग.

'बी' वर्ग म्हणजे तयार व्हॅनच्या आतच केलेली सोय. बाहेरचा पत्रा कारखान्याचा तोच राहतो. आपल्याकडे फोर्स ट्रॅव्हलरसारख्या गाडीत हे काम पुष्कळ होते. फोर्स मोटर्स म्हणजे आपली जुनी बजाज टेम्पो, जिच्या मॅटाडोरवर आपण कापडाचे गठ्ठे वाहिले. कंपनीचे नाव २००५ साली बदलले. अशा व्हॅनमध्ये जागा कमी, पण गाडी शहरात चालते, गल्लीत वळते आणि तिचा मेस्त्री गावोगाव भेटतो.

'सी' वर्ग या दोहोंच्या मधला. पुढची केबिन कंपनीची आणि मागे वेगळे बांधलेले पेटीसारखे घर. बहुतेकांत ड्रायव्हरच्या डोक्यावर एक पलंग असतो. लहान मुले असलेल्या कुटुंबाला हा प्रकार आवडतो, कारण माणशी जागा जास्त मिळते. मात्र गाडी उंच आणि रुंद असल्याने झाडाच्या फांद्या, रेल्वेचे पूल आणि वारा यांचा त्रास होतो.

याखेरीज मोटारीमागे ओढायची कॅरव्हॅन असते. तिला स्वतःचे इंजिन नाही. मुक्कामावर ती सोडून मोटार घेऊन गावात फिरता येते, हा तिचा फायदा. परंतु चालत्या गाडीत अम्मींना मागे पलंगावर झोपवू, असे कोणी मनात आणू नये. ओढल्या जाणाऱ्या कॅरव्हॅनमध्ये माणूस बसवणे जिवाला धोक्याचे आहे.

झोपायच्या जागा आणि बसायच्या जागा

विक्रेता सांगतो, "साहेब, सहा जणांची गाडी आहे." येथे थांबून विचारावे : सहा जण झोपणार की सहा जण बसणार? या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रात्री गाडी उभी असताना सहा जण झोपू शकतील, पण चालत्या गाडीत पट्टा लावून बसायच्या जागा चारच असतील, असे पुष्कळदा घडते. मग दोन माणसे पलंगावर आडवी पडून सफर करतात, आणि जोराचा ब्रेक लागला की समोरच्या कपाटावर आपटतात. आरसी बुकात जेवढी माणसे लिहिली आहेत तेवढीच बसवावीत, आणि त्या आकड्यात ड्रायव्हरही येतो हे विसरू नये.

पलंगाचेही माप घ्यावे. शिडी चढून जायचा पलंग म्हाताऱ्यांच्या कामाचा नाही. टेबल मोडून रोज रात्री तयार करायचा पलंग दोन दिवस बरा वाटतो, तिसऱ्या दिवशी कंटाळा येतो. मुलांसाठी एकावर एक बर्थ चांगले. वडीलधाऱ्यांसाठी खाली, कायम घातलेला, गुडघ्याच्या उंचीचा पलंग पाहावा. आपल्या घरांत पडद्याची सोयही पाहावी लागते. सासू, सून, दीर, मुले एकाच गाडीत असतील तर मधोमध जाड पडद्याचा दांडा असलाच पाहिजे. हे काम गाडी बनतानाच सांगितले तर स्वस्तात होते.

वजनाचा हिशेब

आपण कापडवाले मीटरने मोजतो, पण या धंद्यात काट्याला महत्त्व आहे. समजा, गाडीचे पासिंग एकूण ३,५०० किलोचे आहे आणि पलंग, कपाटे, टाक्या बसवून रिकामी गाडी ३,००० किलो भरते. उरले ५०० किलो. सहा माणसे सरासरी ६५ किलोची धरली तर ३९० किलो झाले. पाण्याची १०० लिटरची टाकी भरली की आणखी १०० किलो, कारण एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. झाले ४९०. आता कपडे, भांडी, गाद्या, लेकीच्या घरी न्यायची मिठाई या सर्वांसाठी १० किलो उरले! म्हणजे घरून निघतानाच गाडी ओव्हरलोड. टायर फुटणे आणि ब्रेक न लागणे हे प्रकार यातूनच होतात. म्हणून रिकाम्या गाडीची काट्यावरची पावती मागावी. जो विक्रेता ती देत नाही, त्याचा माल न घेतलेला बरा.

लायसनचा प्रश्नही वजनाशीच बांधलेला आहे. आपल्याकडे एकूण वजन ७,५०० किलोपर्यंत असलेली गाडी हलक्या मोटारीत, म्हणजे एलएमव्हीत धरतात. सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये असा निकाल दिला की, या वजनापर्यंतची ट्रान्सपोर्ट गाडीही एलएमव्ही लायसनवर चालवता येते. विलायतेत राहणाऱ्या आपल्या कोकणी भावांनी मात्र सावध असावे. तिथे १९९७ पासून साध्या मोटारीची परीक्षा पास झालेल्यांची मर्यादा सर्वसाधारणपणे ३,५०० किलोचीच आहे.

पाणी, वुजू आणि न्हाणी

युरोप-अमेरिकेची पुस्तके जो हिशेब देतात तो आपल्याला पुरत नाही. आपल्याला दिवसातून पाच वेळा वुजू करायचे असते. हदीसमध्ये येते की रसूलुल्लाह सल्लल्लाहु अलैहि वसल्लम एक मुद्द पाण्यात वुजू फरमावीत. हे माप साधारण एक लिटर किंवा त्याहून कमी भरते. आपण नळ मोकळा सोडून किती पाणी वाया घालवतो ते ज्याने त्याने पाहावे. माणशी एक लिटर धरले तरी सात जणांचे पाच वुजू म्हणजे ३५ लिटर. न्हाणीत नळाऐवजी बदना ठेवला तर पाणी निम्म्यावर येते, हा आमचा अनुभव आहे. वाटेत मशीद दिसली की तिथेच थांबून नमाज अदा करावी. पाणीही वाचते आणि पायही मोकळे होतात.

संडासची गोष्ट मोकळेपणाने लिहितो, कारण सर्व खरेदीचे मूळ तिथेच आहे. लहान गाड्यांत बाहेर काढून रिकामी करायची पेटी असते. तिच्यात साधारण १८ ते २० लिटर मावतात. विलायतेत कागद वापरतात, त्यांना ती दोन-तीन दिवस पुरते. आपण पाणी वापरतो. दर वेळी दोन लिटर धरले तर नऊ-दहा वेळांत पेटी भरली. सात जणांचे कुटुंब ती एका दिवसाच्या आत भरते. म्हणून एकतर मोठी टाकी असलेली गाडी घ्यावी, नाहीतर घरात नियम करावा की गाडीतला संडास फक्त म्हातारी माणसे, आजारी आणि लहान मुले वापरतील. पेटी रिकामी करायचीही जागा ठरवावी. रस्त्याच्या कडेला किंवा नाल्यात ओतणे हे पाकी-सफाईला शोभणारे नाही. महाराष्ट्र सरकारने २०२१ साली कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. त्यात कॅरव्हॅन पार्कची योजना आहे. केरळनेही त्याच साली अशी योजना काढली. परंतु प्रत्येक महामार्गावर सोय मिळेल या भरवशावर निघू नये. मुक्कामाच्या मालकाला आधी फोन करून विचारावे.

वीज किती पुरते?

मुले म्हणतात एसी पाहिजे. त्यांना हा हिशेब दाखवावा. १२ व्होल्टची १०० अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे १,२०० वॅट-तास. साधी लेड बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवली तर लवकर मरते, म्हणून हातात आले ६०० वॅट-तास. २५ वॅटचे दोन पंखे आठ तास चालले तर ४००, आणि २० वॅटचे दिवे चार तास जळले तर ८०. रात्र आरामात निघाली. एक टनाचा एसी मात्र तासाला हजार-बाराशे वॅट-तास खातो, म्हणजे अर्ध्या तासात बॅटरी संपली. एसी पाहिजे असेल तर मोठ्या बॅटऱ्या, बाहेरची वीज किंवा जनरेटर लागतो, आणि त्या सर्वांचे वजन व किंमत वाढते. गाडी बंद खिडक्यांची असेल आणि जनरेटर जवळ चालू असेल तर त्याच्या धुराने झोपेतच जीव जाऊ शकतो. ही गोष्ट घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवावी. आग विझवायचा सिलिंडर दाराजवळ असावा.

कागद पक्के करा

आमच्या ओळखीच्या एका व्यापाऱ्याने जुनी टेम्पोगाडी घेतली आणि एका गॅरेजमध्ये आत पलंग, शेगडी, वायरिंग सर्व करून घेतले. काम दिसायला सुंदर होते. आरसी बुकात मात्र काहीच नोंदवले नाही. एका रात्री शॉर्टसर्किट होऊन गाडी जळाली. अल्लाहचा शुक्र की आत कोणी नव्हते. विम्याच्या दाव्याला उत्तर आले की, गाडीत केलेला बदल कळवलेला नाही, म्हणून पैसे मिळणार नाहीत. पूर्ण रक्कम बुडाली.

मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ५२ परवानगीशिवाय गाडीच्या मूळ रचनेत बदल करू देत नाही, आणि सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये या बाबतीत कडक निकाल दिला आहे. मोटार कॅरव्हॅनसाठी एआयएस-१२४ हा वेगळा निकष आहे. ज्या बनवणाऱ्याकडे मंजुरीचा कागद आहे त्याच्याकडूनच गाडी घ्यावी. आणखी एक : खासगी, म्हणजे पांढऱ्या पाटीच्या गाडीवर भाडे मारता येत नाही. "घरात वापरू आणि उरलेल्या दिवसांत भाड्याने देऊ" असा विचार असेल तर सुरुवातीपासूनच पिवळी पाटी, परमिट आणि त्या प्रकारचा विमा लागेल. घरच्या गाडीत धंद्याचे गठ्ठे भरायचा मोहही आवरावा.

जुनी गाडी घ्यायची असेल तर आपले नाक वापरावे. गोदामात ओल आली की थान उघडण्याआधी आपल्याला वास येतो. गाडीच्या कोपऱ्यांत, गादीखाली आणि छताच्या जोडावर तोच वास शोधावा. टायरवर चार आकडे असतात. २३१९ असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला. अशा गाड्या उभ्याच जास्त असतात, म्हणून टायरची नक्षी नवी दिसते आणि रबर मात्र म्हातारे झालेले असते.

भांडवल की हौस?

आता गल्ल्याचा हिशेब. समजा, ३० लाख रुपये गाडीत घातले. तेच भांडवल धंद्यात वर्षातून दोनदा फिरले आणि दर फेरीला सहा टक्के सुटले, तर ३ लाख ६० हजार मिळाले असते. सहा वर्षांनी गाडी १८ लाखांना गेली तर घसारा वर्षाला दोन लाख. विमा, सर्व्हिसिंग, जागेचे भाडे मिळून एक लाख धरा. एकूण ६ लाख ६० हजार. वर्षातून २० दिवस वापरली तर दिवसाला ३३ हजार पडले, ६० दिवस वापरली तर ११ हजार. हा केवळ नमुना आहे. ज्याने त्याने आपले आकडे घालून पाहावे आणि शेजारी भाड्याच्या गाडीचा दर लिहावा. ज्याचे दिवस कमी भरतात त्याने भाड्यानेच घ्यावी. रमजानच्या सीझनआधी मालातून रक्कम काढून गाडीत घालणे हा तर धंद्यावर जुलूम आहे. हप्त्यावर घेतली तर सूदचा सवाल उभा राहतो. त्याचे उत्तर आलिमांकडून घ्यावे, गाडीच्या एजंटकडून नव्हे. घरच्या वापराच्या गाडीवर जकात नाही, पण तिच्यासाठी बाजूला ठेवलेली निसाबाएवढी रक्कम साल उलटेपर्यंत राहिली तर तिच्यावर आहे, हेही ध्यानात असावे.

आम्ही काय केले?

आम्ही आधी चार दिवसांसाठी 'सी' प्रकारची मोठी गाडी भाड्याने घेतली. तिने आमचे डोळे उघडले. लेकीचे घर जुन्या हैदराबादेत. त्या गल्लीत गाडी शिरेना. ती लांब उभी करून अम्मींना रिक्षाने न्यावे लागले. डोक्यावरचा पलंग कोणी वापरला नाही. स्वयंपाकघरात एकदा चहा झाला, बाकी लेकीच्या घरचे दस्तरखान होतेच. कामाला आले ते फक्त खालचा पलंग आणि संडास. जी मोठी गाडी घ्यायला मुले निघाली होती तिचा अर्धा भाग आमच्या कामाचा नव्हता. चार दिवसांच्या भाड्यात हे कळले, हे फार स्वस्तात पडले.

मग आम्ही तिघा भावांनी मिळून मंजुरीच्या कागदासह 'बी' प्रकारची व्हॅन घेतली. पट्ट्यासह सात जागा, दोन खालचे पलंग, हाताला धरायचे दांडे असलेला संडास, दोन पंखे. शेगडी नाही, वेगळा एसी नाही. दारात पायरी नीट नव्हती, ती बनवणाऱ्याकडूनच रुंद करून घेतली. भावाभावांत कोणाचे किती पैसे, कोणी कधी वापरायची, दुरुस्ती कोणाकडे, हे सर्व कागदावर लिहून दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या. लेन-देन लिहून ठेवण्याचा हुकूम कुरआन शरीफमध्ये आहे. सख्ख्या भावांनी तो पाळला तर मने साफ राहतात.

पहिल्या सफरीला अम्मी निघाल्या तेव्हा सवयीने त्यांनी सकाळचा चहाही घेतला नव्हता. नळदुर्गपर्यंत गप्प होत्या. उमरग्याला गाडी थांबवून आमच्या बेगमने त्यांना हात धरून आत नेले आणि दार लावून दिले. हुमनाबादच्या पुढे त्यांनी स्वतः पाण्याचा ग्लास मागितला. आमचा सौदा बरोबर झाला हे आम्हाला तेव्हा कळले.

बंधूंनो, मोठी गाडी पाहून भुलू नका आणि लहान गाडी पाहून लाजू नका. आधी घरातल्या माणसांची यादी करा, मग वर्षातल्या दिवसांची, मग रकमेची. माप बरोबर घेतले तर कापड वाया जात नाही, आणि इसराफही होत नाही.